टॅक्स तर कमीच होता, मग अमेरिका ब्रिटनपासून फुटली का?

२०२६ च्या ४ जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं होतायत, त्यामुळे त्यावर बरंच काही लिहिलं-बोललं जातंय, आणि बहुतेक ठिकाणी गोष्ट तीच असते: ब्रिटिशांनी चहावर टॅक्स लावला, बोस्टनच्या लोकांनी चहा समुद्रात फेकला, मग युद्ध झालं आणि देश स्वतंत्र झाला. शाळेतही आपण साधारण एवढंच शिकलो. पण ही गोष्ट जरा खोलात जाऊन बघितली की जुळत नाही, कारण ज्या कायद्यामुळे चहा फेकला गेला त्या कायद्याने चहा महाग नाही तर स्वस्त होणार होता, आणि त्या काळात खुद्द इंग्लंडमधला माणूस अमेरिकेतल्या माणसापेक्षा कितीतरी पट जास्त टॅक्स भरत होता. मग भांडण नक्की कशाचं होतं?

माझ्या मते भांडणाच्या मुळाशी एक प्रश्न होता. आमच्यावर कायदे करायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी? १७६४-६५ मध्ये हा प्रश्न अगदी नम्रपणे, अर्ज-विनंत्या करून विचारला गेला आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत तोच प्रश्न पायरी पायरीने चढत थेट राजाच्या सिंहासनापर्यंत पोचला. त्या पायऱ्या नीट कळल्या की बाकी सगळं आपोआप कळतं.

हे लोक मुळात होते कोण?

वसाहत म्हणजे एखाद्या साम्राज्याने दूरच्या मुलखात बसवलेली किंवा ताब्यात घेतलेली वस्ती. इथे पहिल्यांदाच एक गोष्ट साफ करायला हवी, की आपण पारतंत्र्यात होतो तसे हे नव्हते. आपल्याकडे बाहेरून आलेल्यांनी इथल्या लोकांवर राज्य केलं, तर अमेरिकेतल्या १३ वसाहतींमधले हे लोक स्वतःच बाहेरून येऊन मूळ रहिवाशांच्या जमिनीवर बसलेले होते. १७७६ च्या सुमारास तिथे साधारण २५ लाख लोक राहत होते आणि त्यातले सुमारे ५ लाख गुलाम होते. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे यायचंच आहे.

या लोकांना आपण इंग्रज असल्याचा अभिमान होता. राजाने मनमानी करायची नाही, पार्लमेंटच्या संमतीशिवाय पैसा गोळा करायचा नाही, हे इंग्लंडने १६८८ ची क्रांती करून आणि १६८९ च्या हक्कांच्या कायद्यातून पक्कं करून घेतलं होतं, आणि अमेरिकेतले लोक म्हणायचे की हा वारसा आमचाही आहे. शिवाय प्रत्येक वसाहतीत स्वतःची निवडून आलेली सभा होती, व्हर्जिनियाची तर १६१९ पासून. स्थानिक टॅक्स ती सभा ठरवायची, बऱ्याच ठिकाणी गव्हर्नरचा पगारही तीच द्यायची, त्यामुळे लंडनहून आलेल्या गव्हर्नरलाही तिच्याशी जुळवून घ्यावं लागायचं. मत द्यायला जमीनजुमला लागायचा, पण तिकडे जमीन बऱ्याच जणांकडे होती, म्हणून इंग्लंडच्या तुलनेत गोऱ्या पुरुषांपैकी खूप मोठा हिस्सा मतदार होता. म्हणजे शे-दीडशे वर्षं या लोकांना स्वतःचा कारभार स्वतः बघायची सवय लागलेली होती, आणि ती सवय कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त महत्त्वाची ठरली असं मला वाटतं.

१७६६ मध्ये वसाहतींची बाजू लंडनमध्ये मांडणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनला लंडनच्या पार्लमेंटमध्ये बोलावून विचारलं होतं, १७६३ च्या आधी अमेरिकेचं ब्रिटनबद्दल मत कसं होतं? तो म्हणाला, जगात सगळ्यात चांगलं.

१७६३ नंतर काय बिघडलं?

सात वर्षं चाललेलं युद्ध संपलं. ब्रिटनने फ्रान्सला हरवून कॅनडा घेतला, पण त्या नादात सरकारी कर्ज जवळपास दुप्पट झालं. लंडनचं म्हणणं असं की या युद्धाचा फायदा वसाहतींना झाला, त्यांच्या रक्षणासाठी सैन्य अजून तिथे आहे, मग खर्चाचा थोडा वाटा त्यांनी उचलावा. खरं सांगायचं तर हे म्हणणं काही अगदीच चुकीचं नव्हतं.

म्हणून १७६५ मध्ये स्टँप अ‍ॅक्ट आला. कोर्टाची कागदपत्रं, मृत्युपत्रं, लायसन्स, वर्तमानपत्रं, सगळं सरकारी शिक्का असलेल्या कागदावरच हवं आणि त्या कागदाचे पैसे भरायचे. पत्त्यांच्या जोडाला १ शिलिंग, फाशांच्या जोडीला १० शिलिंग, कॉलेजच्या डिग्रीच्या कागदाला २ पौंड. आता हा टॅक्स कोणाला सगळ्यात जास्त टोचणार होता ते बघा: वकील, छापखानेवाले, पेपरवाले आणि दारूचे गुत्ते चालवणारे. म्हणजे गावात जे लिहितात, जे बोलतात आणि ज्यांच्या जागेत बसून बाकीचे बोलतात, नेमके तेच. फिलाडेल्फियाच्या एका पेपरने तर कायदा लागू व्हायच्या आदल्या दिवशी, ३१ ऑक्टोबर १७६५ ला, पहिलं पान थडग्याच्या दगडासारखं छापलं, वर कवटी आणि हाडं, आपला पेपर मेला असं सांगणारं. बोस्टनमध्ये ज्या माणसाकडे शिक्क्याचे कागद वाटायचं काम दिलं होतं त्याचा पुतळा लोकांनी झाडाला टांगला आणि त्याने राजीनामा दिला. एकामागून एक ठिकाणी असंच झालं, कायदा लागू झाला तेव्हा तो राबवायला जवळपास कोणी उरलंच नव्हतं.

"थोडासाच तर टॅक्स, एवढं काय त्यात?"

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. समजा तुमच्या सोसायटीची मॅनेजिंग कमिटी आहे, तुम्ही मत देऊन निवडलेली, मेंटेनन्स तीच ठरवते आणि कुरकुरत का होईना तुम्ही भरता. एक दिवस दुसऱ्या शहरातल्या एका सोसायटीच्या कमिटीचं पत्र येतं, की तुमची बिल्डिंग मूळ आमच्याच लोकांनी बांधलेली आहे, तर इथून पुढे महिन्याला १०० रुपये आम्हालाही द्या. त्या कमिटीत तुमचा एकही माणूस नाही, तिच्या मीटिंगला तुम्हाला जाता येत नाही, तिला हटवता येत नाही. रक्कम किरकोळ आहे, पण तुम्ही १०० भरले म्हणजे त्यांना अधिकार आहे हे तुम्ही मान्य केलं, मग पुढच्या वर्षी ५००० मागितले तर कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

वसाहतींचा मुद्दा नेमका हा होता. इंग्रज माणसाची मालमत्ता त्याच्या किंवा त्याने निवडलेल्या प्रतिनिधीच्या संमतीशिवाय घेता येत नाही, लंडनच्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, म्हणून त्या पार्लमेंटला आमच्याकडून टॅक्स घेता येत नाही. ऑक्टोबर १७६५ मध्ये ९ वसाहतींचे लोक न्यूयॉर्कमध्ये जमले आणि त्यांनी हेच लिहून पाठवलं, आणि हो, त्यात राजावरची निष्ठाही ठासून सांगितलेली होती. स्वातंत्र्याचा विषयच नव्हता तेव्हा.

पण इंग्लंडमध्ये तरी सगळ्यांना कुठे मत होतं?

लंडनने हेच उत्तर दिलं आणि उत्तर तगडं होतं. थॉमस व्हेटली नावाच्या सरकारी माणसाने मांडलं की मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमसारख्या वाढत्या शहरांनाही पार्लमेंटमध्ये स्वतःचा खासदार नाही, म्हणून काय त्यांच्यावर कायदे चालत नाहीत? प्रत्येक खासदार सगळ्या साम्राज्याचं हित बघतो, त्यामुळे मत नसलं तरी प्रतिनिधित्व आहेच. याला आभासी प्रतिनिधित्व म्हणतात. ओल्ड सेरम नावाच्या जवळपास ओसाड जागेला दोन खासदार होते आणि मँचेस्टरला शून्य, हे खरंच होतं.

मेरीलँडचा वकील डॅनियल डुलानी याने १७६५ मध्येच याचं उत्तर छापलं आणि मला ते फार आवडतं. तो म्हणतो, मँचेस्टरच्या माणसाला मत नसेल, पण जो टॅक्स त्याच्यावर लागतो तोच त्याच्या शेजारच्या मतदारावर आणि खुद्द खासदारावरही लागतो, दोघांचं हित एकत्र बांधलेलं आहे. अमेरिकेचं उलटं आहे. अमेरिकेवर जितका टॅक्स जास्त तितका इंग्लंडच्या मतदाराचा बोजा कमी, म्हणजे आमच्या वतीने मत देणाऱ्याचा फायदाच आमच्या नुकसानीत आहे. या मुद्द्याला लंडनकडून पटेल असं उत्तर कधी आलंच नाही.

या कल्पना यांच्या डोक्यात आल्या कुठून?

बऱ्याचशा इंग्लंडमधूनच आल्या. जॉन लॉक नावाच्या इंग्रज विचारवंताने शतकभर आधी मांडलं होतं की माणूस काही हक्क जन्मतःच घेऊन येतो, जीव, स्वातंत्र्य, मालमत्ता, आणि सरकार हे ते हक्क सांभाळायला लोकांनी संमतीने उभं केलेलं असतं. सरकारच ते हक्क ओरबाडायला लागलं तर लोकांना ते बदलायचा अधिकार आहे. जन्मतःच असलेल्या या हक्कांना नैसर्गिक हक्क म्हणतात. राजाने दिलेला हक्क राजा परत घेऊ शकतो, पण जो त्याने दिलाच नाही तो तो घेणार कसा, एवढा साधा विचार आहे हा आणि त्याची ताकद या साधेपणातच आहे.

पण फक्त लॉक वाचून कोणी बंड करत नाही. त्याच्या जोडीला अजून एक विचार होता जो इंग्लंडमध्ये कोपऱ्यात पडलेला आणि अमेरिकेत मात्र घराघरात वाचला जायचा, की सत्ता ही स्वभावानेच पसरत जाते, ती कधी एकदम झडप घालत नाही, थोडं थोडं घेते, म्हणून पहिल्या पावलालाच अडवायचं. चर्चमध्ये पाद्रीही प्रवचनांतून हे सांगायचे. मग शेकडो पॅम्फ्लेट छापली गेली, म्हणजे पातळ पुस्तिका, एका बैठकीत वाचून होणाऱ्या, एकाने मुद्दा मांडायचा, दुसऱ्याने खोडायचा. अशा नजरेने बघणाऱ्याला लंडनचं प्रत्येक पाऊल एका मोठ्या कटाचा भाग वाटायला लागलं. तसा कट नव्हता, लंडनमध्ये मंत्रिमंडळंच सारखी बदलत होती आणि प्रत्येक जण आपापल्या परीने तिजोरी भरायला बघत होता, पण लोक वागतात ते त्यांना जे दिसतं त्याप्रमाणे.

जिथे मधली रेघच सापडेना

१७६६ मध्ये स्टँप अ‍ॅक्ट रद्द झाला, तिकडे लोकांनी आनंदाने दिवे लावले. पण त्याच दिवशी पार्लमेंटने अजून एक कायदा केला, की वसाहतींवर कोणत्याही बाबतीत कायदे करायचा पूर्ण अधिकार आम्हाला आहे. पैसे सोडले पण अधिकार सोडला नाही. १७६७ मध्ये काच, कागद, रंग, शिसं आणि चहा यांच्यावर नवी ड्यूटी, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरचा टॅक्स, आली, लोकांनी ब्रिटिश मालावर बहिष्कार टाकला, १७७० मध्ये चहा सोडून बाकीची ड्यूटी मागे घेतली. चहावरची ठेवली ती मुद्दाम, हक्क दाखवायला.

या सगळ्यात वसाहतवाल्यांचीही भूमिका सरकत गेली. आधी म्हणाले, टॅक्स लावू नका, बाकी कायदे करा. मग विचार करता करता लक्षात आलं की जी सभा आमच्या संमतीशिवाय टॅक्स लावू शकत नाही ती आमच्या संमतीशिवाय दुसरा कायदा तरी कशी करू शकते? मॅसॅच्युसेट्सचा, म्हणजे बोस्टन ज्या वसाहतीत होतं तिचा, गव्हर्नर थॉमस हचिन्सन हा तिथलाच जन्मलेला, हुशार माणूस, १७६५ च्या दंग्यात जमावाने त्याचं घर आतून पार फोडून टाकलं होतं. जानेवारी १७७३ मध्ये त्याने सभेला सरळ सुनावलं की पार्लमेंटची सर्वोच्च सत्ता आणि वसाहतींचं पूर्ण स्वातंत्र्य यांच्या मधे रेघ ओढता येईल अशी कुठलीही जागा मला दिसत नाही. त्याला वाटलं लोक घाबरून मागे सरकतील. सभेने उत्तर दिलं की मधे रेघ नसेल तर एक तर आम्ही पार्लमेंटचे ताबेदार आहोत किंवा पूर्ण स्वतंत्र, आणि ताबेदार होणं हे वसाहत बसवताना कोणाच्याच मनात नव्हतं, तेव्हा आम्ही पार्लमेंटपासून वेगळे, आमचं नातं फक्त राजाशी. युद्ध सुरू व्हायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट आहे ही, आणि माझ्या मते खरी फूट इथेच पडली.

मग चहाचं काय?

इथे आपला संबंध येतो. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता, चीनमधून आणलेला. कंपनी तेव्हा डबघाईला आली होती आणि लंडनच्या गोदामांत चहा पडून होता. १७७३ च्या कायद्याने कंपनीला तो चहा थेट अमेरिकेत विकायची सूट मिळाली, भाव उतरणार होता, पण त्यावरची ३ पेनीची ड्यूटी तशीच. स्वस्त चहा प्यायचा म्हणजे पार्लमेंटचा अधिकार घोटाघोटाने मान्य करायचा, असं लोकांना वाटलं. आणि कंपनी कशी आहे हेही तिकडे माहीत होतं. जॉन डिकिन्सन या वकिलाने त्याच वर्षी छापलेल्या पत्रकात कंपनीने आशियात काय केलं ते काढलं, बंगालच्या दुष्काळात तिने लोकांना कसं मरू दिलं ते लिहिलं, आणि आता हिची नजर आपल्यावर आहे असं बजावलं. १६ डिसेंबर १७७३ ला बोस्टनमध्ये ३४२ पेट्या समुद्रात गेल्या.

लंडनने बोस्टनचं बंदरच बंद केलं आणि मॅसॅच्युसेट्सच्या कारभाराची सनद मोडून टाकली. बाकीच्या वसाहतींना यातून एकच कळलं, आज त्यांची सनद गेली, उद्या आमची.

शेवटची पायरी राजाची

एप्रिल १७७५ मध्ये ब्रिटिश सैन्य आणि वसाहतवाले यांच्यात गोळीबार सुरू झाला तरी राजाशी तोडायचं धाडस होत नव्हतं. जुलैमध्ये राजाला समेटाचा अर्ज गेला, तिसऱ्या जॉर्जने तो हातातही घेतला नाही आणि यांना बंडखोर ठरवलं. तरीही लोक म्हणत, राजा चांगला आहे, मंत्री वाईट आहेत.

हे मोडलं थॉमस पेनने. कॉर्सेट शिवणाऱ्याचा मुलगा, टॅक्स खात्यातली नोकरी गेलेला, १७७४ च्या शेवटी इंग्लंडहून अमेरिकेत आलेला. १० जानेवारी १७७६ ला त्याची ‘कॉमन सेन्स’ ही छोटी पुस्तिका निघाली. बाकीचे लेखक लॅटिनचे दाखले द्यायचे, पेन सुताराला आणि शेतकऱ्याला कळेल असं लिहायचा आणि दाखले द्यायचा बायबलचे. त्याने टॅक्सचा हिशोबच बाजूला ठेवला आणि विचारलं, राजा मुळात हवाच कशाला? इंग्लंडच्या राजघराण्याचा मूळपुरुष कोण, तर हत्यारबंद दरोडेखोर घेऊन फ्रान्सहून उतरलेला माणूस. वंशपरंपरेने राज्य देणं निसर्गाला पसंत असतं तर त्याने सिंहाच्या जागी गाढव इतक्या वेळा दिलं नसतं. एका बेटाने अख्ख्या खंडावर राज्य करावं यात कुठली अक्कल? गुत्त्यांमध्ये, सैन्याच्या छावण्यांत ही पुस्तिका मोठ्याने वाचली गेली, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी ऐकली.

मन किती बदललं ते बघायचं तर न्यूयॉर्कमधला पुतळा बघा. स्टँप अ‍ॅक्ट रद्द झाल्याच्या कृतज्ञतेत लोकांनी घोड्यावर बसलेल्या तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा, सोन्याचा मुलामा दिलेला पुतळा मागवला, तो १७७० मध्ये उभा राहिला. ९ जुलै १७७६ ला जाहीरनामा वाचून दाखवल्यावर त्याच शहरात लोकांनी दोर लावून तो ओढून पाडला, आणि त्याचं शिसं वितळवून सुमारे ४२ हजार गोळ्या केल्या.

जाहीरनामा आता परत वाचलात तर एक गोष्ट दिसेल. त्यात तक्रारींची लांब यादी आहे आणि जवळजवळ प्रत्येक तक्रार राजाच्या नावाने आहे, पार्लमेंट हा शब्द कुठेच नाही. टॅक्स पार्लमेंटने लावले तरीही नाही. कारण यांच्या मते पार्लमेंटचा अधिकार कधी नव्हताच, नातं होतं ते फक्त राजाशी, मग तोडायचंही त्याच्याशीच.

"म्हणजे व्यापाऱ्यांचा आणि जमीनदारांचा स्वार्थच ना?"

स्वार्थ होता, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. स्वस्त चहामुळे स्मगलिंग करणाऱ्या व्यापाऱ्यांचा धंदा बसणार होता. १७६३ मध्ये राजाने वसाहतींच्या पश्चिमेकडच्या डोंगरांच्या पलीकडे वस्ती करायला मनाई केली होती आणि व्हर्जिनियाचे बडे लोक त्या जमिनींवर डोळा ठेवून होते. पण स्वार्थ असलेला माणूस सौदा करतो, लंडनने सवलती दिल्या की गप्प बसतो. इथे प्रत्येक सवलतीनंतर मागणी अजून मूलभूत होत गेली. शिवाय सगळे एका बाजूला नव्हते, राजनिष्ठ लोक भरपूर होते आणि युद्धानंतर साधारण ६० हजार देश सोडून गेले. त्यांचेही व्यापार होते, जमिनी होत्या.

गुलाम ठेवणाऱ्यांनी स्वातंत्र्यावर बोलावं?

सगळ्यात जड प्रश्न हाच, आणि तोही तेव्हाच विचारला गेला. इंग्लंडच्या सॅम्युअल जॉन्सनने १७७५ मध्ये लिहिलं की स्वातंत्र्याची सगळ्यात मोठी ओरड गुलाम राबवणाऱ्यांकडूनच कशी काय ऐकू येते? जाहीरनाम्यात सगळी माणसं समान आहेत हे वाक्य लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनने आयुष्यात ६०० हून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली. त्याच जाहीरनाम्यात मूळ रहिवाशांना निर्दय रानटी म्हटलंय. बायकांना विसरू नका असं अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सने मार्च १७७६ मध्ये नवऱ्याला, म्हणजे स्वातंत्र्याच्या पुढाऱ्यांपैकी एक असलेल्या जॉन अ‍ॅडम्सला, पत्रात लिहिलं, त्याने ते हसण्यावारी नेलं. हे वाचून राग येतो आणि यायलाच हवा.

पण मॅसॅच्युसेट्सच्या शेफील्ड गावात काय झालं तेही बघा. तिथल्या जॉन अ‍ॅश्ली या बड्या माणसाच्या अध्यक्षतेखाली १७७३ मध्ये गावाने ठराव केला की माणसं निसर्गतः समान, मुक्त आणि स्वतंत्र आहेत. त्याच अ‍ॅश्लीच्या घरात बेट नावाची गुलाम बाई राबत होती. मालकिणीने तापलेलं फावडं तिच्या बहिणीवर उगारलं तेव्हा ते बेटने आपल्या हातावर घेतलं, असं तिच्याबद्दल सांगतात. १७८० मध्ये राज्याची घटना आली, तिच्यात सगळी माणसं जन्मतः मुक्त आणि समान आहेत असं लिहिलेलं. बेटने ते ऐकलं आणि ती वकिलाकडे गेली, मी मुकं जनावर नाही, कायदा मलाही मुक्त करत नाही का? वकील थिओडोर सेजविक, १७७३ च्या त्या ठरावाच्या कमिटीतलाच माणूस. १७८१ मध्ये ज्युरीने तिला मुक्त ठरवलं आणि अ‍ॅश्लीला ३० शिलिंग भरपाई द्यायला लावली. तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं. दोनच वर्षांत तिथल्या कोर्टांनी गुलामगिरी राज्याच्या घटनेत बसत नाही हे मान्य केलं. दक्षिणेकडच्या राज्यांत त्यासाठी १८६५ पर्यंत आणि एका भयंकर गृहयुद्धापर्यंत थांबावं लागलं.

आणि पेनचं लिखाण पुण्यातही पोचलं. माणसाच्या हक्कांवरचं त्याचं नंतरचं पुस्तक जोतिराव फुल्यांनी १८४७ च्या सुमारास, ऐन विशीत वाचलं. पुढे १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ काढलं तेव्हा ते अर्पण केलं युनायटेड स्टेट्समधल्या सज्जन लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल, आणि आपले देशबांधव त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवतील ही इच्छा त्याच अर्पणपत्रिकेत लिहिली.